जपणूक आणि साठवण

बदलीच्या नोकरीत माणसाचे सामान दर मुक्कामागणिक कमी होत जाते, असा माझा अनुभव आहे. पहिल्या बदलीत पाटा-वरवंटा मागे राहतो, दुसरीत शिसवी कपाट भावाकडे जाते, तिसरीत पुस्तकांची छाननी होते. आणि निवृत्ती जवळ आली की जे चार-दोन डाग उरतात, त्यांवरून त्या गृहस्थाची खरी ओढ कशात होती हे ताडता येते. माझ्या सामानात अशी एक वस्तू उरली आहे की जी कोणाही व्यवहारी माणसाने केव्हाच मोडीत काढली असती. ती म्हणजे माझ्या वडिलांनी १९६३ साली स्वतःच्या हातांनी जुळविलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. मलर्ड कंपनीने १९५९ साली ध्वनिवर्धकांच्या आराखड्यांचे एक पुस्तक काढले होते. त्यातील ‘पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट’ हा आराखडा समोर ठेवून त्यांनी तो बांधला. व्हॉल्व्ह मात्र देशी होते. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात १९६१ पासून ते होऊ लागले होते, आणि त्याचे वडिलांना फार अप्रूप होते. भुसावळ, नागपूर, जबलपूर असा प्रवास करून ही पेटी आता माझ्याबरोबर झांशीस आली आहे. तिच्या सहवासात मला एक प्रश्न पडला. तो अजून सुटलेला नाही. तथापि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी या ना त्या वस्तूच्या निमित्ताने तो उभा राहत असेल, म्हणून येथे मांडीत आहे.

ज्या वाचकांचे बालपण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे आहे, त्यांना रेडिओच्या पाठीमागील भोकांतून दिसणारा तांबूस उजेड आठवत असेल, आणि बटण फिरविल्यावर आवाज उमटेपर्यंतची ती अर्ध्या मिनिटाची उत्कंठाही आठवत असेल. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. व्हॉल्व्ह म्हणजे आतील हवा काढून घेतलेली काचेची कुपी. तिच्या मध्यभागी निकेलची एक बारीक नळी असते व तिच्यावर बेरियम आणि स्ट्राँशियम यांच्या ऑक्साइडचा पांढरा लेप दिलेला असतो. नळीतील तार तापली की हा लेप सातआठशे अंशांपर्यंत तापून मंद लाल होतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. सभोवतीच्या धातूच्या प्लेटला दोनशे-तीनशे व्होल्टांचा धन दाब दिलेला असतो, त्यामुळे ते तिच्याकडे धाव घेतात. आणि वाटेत उभी असलेली तारांची जाळी त्या धावेला आवर घालते किंवा मोकळीक देते. जाळीवरचा दाब तिळभर हलला की प्लेटकडे जाणारा ओघ कितीतरी अधिक हलतो. फ्लेमिंगने १९०४ साली नुसती नळी आणि प्लेट यांचा व्हॉल्व्ह केला, पुढे दोन-तीन वर्षांतच डी फॉरेस्टने मध्ये जाळी घातली, आणि एवढ्याशा युक्तीतून नभोवाणी, बोलपट, सभेतील कर्णे हे सारे जग उभे राहिले.

या रचनेतील जी गोष्ट मला विचारात पाडते ती वेगळीच आहे. तो पांढरा लेप झिजतो. ज्या क्षणी व्हॉल्व्ह वाजतो त्याच क्षणी तो स्वतःला थोडासा खर्चीत असतो. समईत तेल घालता येते, वात सारता येते. व्हॉल्व्हमध्ये पुन्हा काही भरता येत नाही. जोरकस काम करणारे व्हॉल्व्ह चारपाच हजार तास चालतात, लहान कामाचे त्याहून पुष्कळ अधिक. कुपीच्या माथ्याशी आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा, आत राहून गेलेली किंवा धातूतून सुटलेली हवा शोषून घेण्यासाठी ठेवलेला. काचेला चीर गेली की तो पांढराफटक पडतो. घरातील दुसऱ्या कोणत्या यंत्राचे मरण असे नुसत्या डोळ्यांना दिसते, मला ठाऊक नाही.

झांशीच्या हवेत हे यंत्र सांभाळणे म्हणजे एक व्रतच आहे. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, लू वाहते, आणि बुंदेलखंडाची ती लालसर बारीक धूळ बंद कपाटातही शिरते. दहा वॅटांच्या गाण्यासाठी हा अँप्लिफायर सुमारे ऐंशी वॅट वीज घेतो. उरलेल्या सर्वाची उष्णता होते. “वैशाखात दिवाणखान्यात शेगडी पेटवून बसणारे अख्ख्या झांशीत तुम्हीच,” असे आमच्या घरातून दरवर्षी ऐकावे लागते, आणि त्यावर मजजवळ उत्तर नसते. येथल्या विजेचा दाब दुपारी उतरतो व मध्यरात्रीनंतर चढतो. आतील तारेला ६.३ व्होल्ट हवेत. कमी पडले तरी लेप बिघडतो, अधिक झाले तरी लवकर संपतो. म्हणून मी प्रथम दाब मोजणाऱ्या काट्याकडे पाहतो, मग ट्रान्स्फॉर्मरवरची योग्य खूण निवडतो, आणि मगच बटणाला हात लावतो. पावसाळ्यात झुरळे आणि पाली यांना त्या उबेचे आकर्षण वाटते. तीनशे व्होल्टांवर पालीचे काय होते, ते एकदा पाहिले आहे. त्यानंतर पेटीखाली बारीक जाळी बसविली.

वडिलांनी घातलेल्या कागदी कंडेन्सरांपैकी आता एकही उरलेला नाही. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरील धन दाब पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीपर्यंत पोहोचू नये, केवळ सूर पोहोचावा, एवढ्यासाठी मध्ये एक कंडेन्सर असतो. कागद जुना झाला की तो झिरपू लागतो. जाळीला नको तो दाब मिळतो. व्हॉल्व्ह बेभान होऊन प्लेट लाल होईपर्यंत वाहत राहतो, आणि वेळीच बटण बंद केले नाही तर स्वतःबरोबर ट्रान्स्फॉर्मरलाही घेऊन जातो. चार आण्यांच्या कागदाने हजारांची वस्तू नेली, असे पूर्वीचे मिस्त्री सांगत. एकेक भाग असा बदलत गेल्यावर ही पेटी ‘वडिलांची’ म्हणावी की नाही, हा मिलिंद राजाच्या रथाचा जुनाच प्रश्न आहे. त्यात मी फार वेळ घालवीत नाही. सांगाडा आणि ट्रान्स्फॉर्मर त्यांचे आहेत, आणि मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेले आकडे त्यांच्या अक्षरातील आहेत. तेवढे मला पुरेसे होते.

या अँप्लिफायरचा आवाज अधिक चांगला असतो काय, असे लोक विचारतात. मोजमापाच्या कसोटीवर नाही. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मास आला, आणि पुढे त्याच्या जातीचे जे अँप्लिफायर झाले ते कमी विजेत, कमी उष्णतेत, अधिक निर्दोष काम करतात. व्हॉल्व्ह जे दोष मिसळतो ते बहुधा मूळ सुराच्या दुपटीचे, म्हणजे वरच्या सप्तकातील त्याच सुराचे असतात, आणि कानाला ते दोष न वाटता भरीव गोडवा वाटतो. याला कोणी सौंदर्य म्हणावे, कोणी लबाडी म्हणावी. मला स्वतःला आमीर खाँचा मारवा या पेटीतून ऐकावासा वाटतो. पण त्यात आवडीचा भाग किती आणि वडिलांचा किती, हे मी सांगू शकणार नाही. एक मात्र खरे की ज्या वस्तूच्या दुखण्याखुपण्याचा आपल्याला पत्ता आहे, तिचे गाणे आपण अधिक सावधपणे ऐकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

झांशीस आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझ्या दोन ईएल ८४ व्हॉल्व्हांपैकी एक गेला. चौकशी करता करता सीपरी बाजाराच्या बाजूस एका गल्लीत एक वृद्ध रेडिओ-मिस्त्री सापडले. पूर्वी ते लग्नकार्यांना कर्णे भाड्याने देत, आणि शहरातील निम्मे रेडिओ त्यांच्या हाताखालून गेलेले. दृष्टी अधू झाली होती. पण पेन्सिलीच्या मागच्या टोकाने व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारून, कर्ण्यातून येणाऱ्या खणखणाटावरून ते दोष सांगत. कोणता रोध जळत आहे, हे वासावरून ओळखीत. मी त्यांना ‘मिस्त्रीजी’ म्हणे, ते मला ‘साहब’ म्हणत. पण थोड्याच दिवसांत साहेब कोण आणि उमेदवार कोण, हे आम्हां दोघांसही कळून चुकले. बंद पेटीला हात घालण्यापूर्वी कंडेन्सरांतील साठा रोधातून उतरवून टाकावा, आणि आत काम करताना डावा हात खिशात ठेवावा, म्हणजे विजेला छातीतून वाट मिळणार नाही, हे मला पुस्तकातून माहीत होते. त्यांनी प्रत्येक वेळी माझा डावा हात स्वतः पकडून खिशाकडे नेला, म्हणून ते अंगी मुरले. तीन वर्षे अशी गेली, आणि एका कडक उन्हाळ्यात ते वारले.

दोनअडीच महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. सून एकटीच संसार ओढीत होती. दुकान रिकामे करून जागा सोडावयाची होती. तिने एक पत्र्याची पेटी पुढे केली. “आप ही के काम की है साहब, चार सौ दे दीजिए.” मी झाकण उघडून पाहिले. त्यात एक्केचाळीस व्हॉल्व्ह होते, बहुतेक न वापरलेले, कित्येक अजून पुठ्ठ्याच्या खोक्यांत. काही बंगलोरचे, काही इंग्लंडातील मलर्डचे. शौकिनांच्या बाजारात यांतील कित्येक नग एकेकटे हजाराच्या घरात जातात, हे मला ठाऊक होते. आणि तिला ठाऊक नव्हते, हेही मला ठाऊक होते. मी चारशे रुपये दिले. घासाघीस केली नाही, आणि आश्चर्य असे की त्या घासाघीस न करण्याचा मला घरी येईपर्यंत अभिमान वाटत होता!

कायद्याच्या दृष्टीने मी निर्दोष होतो. किंमत तिने सांगितली, मी ती रोख दिली. खोटे अक्षर बोललो नाही. मनाची समजूत घालणारे युक्तिवादही पुष्कळ होते. मी नसतो तर ही पेटी भंगारवाल्याकडे गेली असती, आणि त्याने काच फोडून पितळ-निकेल वेगळे केले असते. तेव्हा मी एका अर्थी त्या वस्तूंना वाचविलेच. शिवाय मला जे माहीत होते ते मी तीस वर्षे खपून मिळविले होते. ते तिला फुकट देण्यास मी बांधलेला होतो काय? हा दुसरा युक्तिवाद दिसतो तितका पोकळ नाही. सर्व ज्ञान ताबडतोब समोरच्याच्या पदरात टाकलेच पाहिजे असे म्हटले, तर वैद्य, वकील, जवाहिऱ्या यांचा व्यवसायच उरणार नाही.

हाच वाद दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये झालेला आहे. सिसरोने इ. स. पूर्व ४४ साली कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात ऱ्होड्स बेटाच्या दुष्काळाची कथा आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. बेटावरील भुकेल्या लोकांना ते सांगावे, की न सांगता चढ्या भावाने धान्य विकावे? स्टोइक पंथाच्या दोघां आचार्यांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली. डायोजेनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे फसविणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, माणसांचे हित ज्याने पाहावयाचे त्याने ते दडवून कसे चालेल? सिसरोचा कौल दुसऱ्या बाजूस आहे. परंतु माझ्या मनात रुतून बसली ती त्याच ग्रंथातील दुसरी लहानशी हकीकत. स्कीव्होला नावाच्या गृहस्थाला एक जमीन घ्यावयाची होती. विकणाऱ्याने किंमत सांगितली. स्कीव्होला म्हणाला, माझ्या मते ती याहून अधिक आहे, आणि त्याने वर एक लक्ष नाणी घातली. हे सज्जनाचे कृत्य हे सगळ्यांना मान्य आहे, असे सिसरो सांगतो. मात्र ते शहाण्याचे नव्हे, असे लोक म्हणतात, अशीही पुस्ती तो जोडतो. दोन सहस्र वर्षांत या पुस्तीत काना-मात्रेचाही फरक पडलेला नाही.

अठरा दिवसांनी मी बारा हजार रुपये घेऊन पुन्हा त्या घरी गेलो. अठरा दिवस का लागले, याचे समाधानकारक उत्तर मजजवळ नाही. पहिले आठ दिवस तर मी व्हॉल्व्ह तपासून त्यांची यादी करण्यात फार सुखात घालविले. सुनेने माझे बोलणे शांतपणे ऐकले. पैसे मोजले, पदराच्या गाठीस बांधले, आणि मग विचारले, “और जो कबाड़ी ले गया, उसका?”

त्या पहिल्या दिवशी कोपऱ्यात कर्ण्यांचे दोन मोठे जुने अँप्लिफायर पडलेले होते, ट्रान्स्फॉर्मरांनी भरलेली खोकी होती, व्हॉल्व्ह तपासण्याचे यंत्र होते. ते मी पाहिले होते. ते तांब्याच्या भावाने तोलून जाणार, हे मला तेव्हाच समजले होते. मी काही बोललो नाही. कारण त्यांची किंमत सांगावयास गेलो असतो तर माझ्या हातातील पेटीची किंमतही उघडी पडली असती. एक गोष्ट झाकण्यासाठी दुसरीवर पांघरूण घालावे लागते, हे अधिकाऱ्याच्या नोकरीत इतरांच्या बाबतीत मी अनेकदा फाइलीवर लिहिले आहे. बारा हजारांनी पेटीचा हिशेब कदाचित पुरा झाला असेल. त्या कोपऱ्याचा झाला नाही. ते सामान वितळून गेले होते. मी “माझी चूक झाली” एवढे म्हणालो. तिने चहा केला. तो मी घेतला, कारण न घेणे अधिक वाईट दिसले असते.

पतंजलीने यमांमध्ये अस्तेय आणि अपरिग्रह यांना वेगवेगळे स्थान दिले आहे. पूर्वी मला हा निव्वळ शास्त्रकारांचा काटेकोरपणा वाटे. आता असे वाटते की ज्याने पहिल्याचा हिशेब कसाबसा चुकता केला, त्याच्या दारात दुसरा उभा राहतोच. पैसे दिल्यावर पेटी न्यायाने माझी झाली. पण मी ती ठेवावी काय?

मी साधे गणित केले. पेटीत बावीस ईएल ८४ निघाले. माझ्या यंत्रास ते जोडीने लागतात, म्हणजे अकरा जोड्या. रोज दीड तास गाणे ऐकले तर एक जोडी आठ वर्षे जाते. म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांची तरतूद झाली. माझे वय छप्पन्न आहे! शिवाय ही जात काही नामशेष झालेली नाही; रशिया आणि स्लोव्हाकिया येथे ती आजही नवी बनते व पैसे पाठविले की घरी येते. तेव्हा माझी साठवण गरजेपोटी नव्हती. मग कशापोटी होती? येथे मला ‘जपणे’ आणि ‘साठवणे’ या दोन शब्दांतील अंतर दिसू लागले. वडिलांची पेटी मी जपतो, कारण ती वाजते. वाजते म्हणून झिजते, झिजते म्हणून माझी निगा मागते. खोक्यातील व्हॉल्व्ह काही मागत नाहीत. ते झिजत नाहीत, तापत नाहीत, कोणाला काही ऐकवीत नाहीत. त्यांच्याकडून मला मिळते ती केवळ ‘माझ्याजवळ आहेत’ ही ऊब. त्या उबेसाठी वीज लागत नाही, इतकेच.

तरी या भेदावर मी सगळा भार टाकू इच्छीत नाही, कारण विरुद्ध पुरावाही त्याच यंत्रात आहे. फिल्टरचे मोठे कंडेन्सर वापराविना पडले तर बिघडतात. आतील ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा जो अतिसूक्ष्म थर असतो तो दाबाखाली राहिला तरच टिकतो. वर्षानुवर्षे बंद असलेली पेटी एकदम चालू केली तर ते फुटण्याचा संभव असतो. म्हणून मिस्त्री लोक वाटेत एक साधा दिवा घालून वीज हळूहळू पोहोचवितात आणि तो थर पुन्हा जमू देतात. व्हॉल्व्हचे तसे नाही; चांगला बंद झालेला व्हॉल्व्ह खोक्यात पन्नास वर्षे तसाच राहतो. एकाच पेटीत एक वस्तू वापराने मरते आणि दुसरी न वापराने! तेव्हा साठवण म्हणजे सदैव नासाडी, असा सरसकट निकाल कोणी देऊ नये. माझ्याजवळचे मलर्ड जर शाबूत आहेत, तर कोणीतरी ते साठविले म्हणूनच आहेत. आणि मिस्त्रीजींनी ते आपल्या चैनीसाठी नव्हे, तर उद्या कोणी रेडिओ घेऊन येईल म्हणून ठेवले होते.

अशा वेळी झांशीत राहणाऱ्या मराठी माणसाला येथला जुना ग्रंथसंग्रह आठवल्यावाचून राहत नाही. नेवाळकरांच्या राजघराण्याने जमविलेल्या पोथ्या १८५८ च्या एप्रिलात शहर पडल्यावर नष्ट झाल्या. वेढ्याच्या वेळी शहरात असलेल्या विष्णुभट गोडसे यांनी त्या प्रलयाचे वर्णन करून ठेवले आहे. त्यांचे स्वतःचे हस्तलिखितही असेच दुसऱ्याच्या हाती राहिले. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते फेरफार करून छापले, आणि मूळ स्वरूपात ते दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ साली वाचकांपुढे आले. एकाच ठिकाणी राहिलेली पोथी जळाली की संपली. जिची नक्कल बाहेर गेली ती कोठेतरी उरते. व्हॉल्व्हची नक्कल मला करता येत नाही. पण मिस्त्रीजींना जे ठाऊक होते त्याची करता आली असती. पेन्सिलीच्या टिचकीचा कान, वासाची ओळख, दिव्यावाटे वीज सोडताना किती वेळ थांबावे याचा अंदाज, यांपैकी मी तीन वर्षांत जे उचलले तेवढेच शिल्लक आहे, आणि ते थोडे आहे. मी व्हॉल्व्हांची यादी करीत सुखात बसलो होतो, तेव्हा खरी हानी कोणती झाली हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

पेटीतील नऊ व्हॉल्व्ह दुसऱ्याच जातीचे होते: यूसीएल ८२, यूसीएच ८१ वगैरे. माझ्या यंत्राला ते काडीचेही उपयोगी नाहीत. स्वस्त घरगुती रेडिओंत ते एका माळेत जोडलेले असत. एकाची तार तुटली की सगळे विझत. यांतले बहुतेक आता कोणी बनवीत नाही. ललितपूरच्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले की त्यांच्या वडिलांचा रेडिओ एका यूसीएल ८२ वाचून बंद आहे, आपणाजवळ असल्यास कळवावे. माझ्याजवळ तीन होते. उत्तर लिहावयास मी पंधरा दिवस घेतले. मनात येई, हे गृहस्थ खरेच शिक्षक कशावरून? बाहेर विकणारा एखादा दलाल तर नसेल? चारशे रुपयांची पेटी उचलताना मला कोणाच्या सचोटीची शंका आली नव्हती. देण्याची वेळ येताच मी दुसऱ्याची चौकशी आरंभिली! शेवटी पोस्टाने एक पाठविला. पुढे त्यांचे कार्ड आले: रेडिओ लागतो, विविध भारती येते, खरखर फार आहे. खरखरीचा उपाय मी उलट टपाली कळविला.

आपल्या नोकरीत पदभार सोपविताना यादी द्यावी लागते. तशी एक मी केली आहे: नग, स्थिती, आणि ‘कोणास द्यावे’. अकरांपैकी तीन जोड्या मी ठेवल्या; तीनसुद्धा जास्त आहेत, पण येथल्या विजेचा भरवसा नाही. बाकीच्यांपुढे नावे भरतो आहे. काही गेले, काही रकाने कोरे आहेत. मुलगी बंगलोरला असते व फोनवर गाणी ऐकते, ती म्हणाली, “बाबा, हे चालू कसं करायचं तेवढं लिहून ठेवा.” ते लिहिले आहे, डाव्या हातापासून सुरुवात करून. पेटीपुढे मात्र तिचे नाव घालावे की नाही, हे ठरलेले नाही.

शेजारचा एक मुलगा पॉलिटेक्निकात शिकतो. तो रविवारी सकाळी येतो. त्याला मारव्यात रस नाही. अँप्लिफायरला आपला फोन कसा जोडता येईल, एवढीच त्याला उत्सुकता. मी त्याचा डावा हात धरून खिशाकडे नेतो, आणि तो हसतो. गेल्या रविवारी एका सैल झालेल्या जोडातून घुमणारा आवाज येत होता. त्याने प्रथमच स्वतः डाख दिला. जोड थोडा ओबडधोबड झाला आहे, वडिलांच्या जोडांशेजारी तो लगेच ओळखू येतो. मी तो तसाच ठेवला. घुमणे थांबले आहे.